इलाखा कोणता, साल कोणतं?

सप्रेम आशीर्वाद.

तुझा लेख दोनदा वाचला. 'मेकॉलेने मराठी शाळा बुडवल्या' या वाक्यावर फुली मारली आहे, रागावू नकोस. तळमळ खरी आहे, पण इंग्रजांच्या शिक्षणधोरणावर लिहायचं तर आधी विचार: इलाखा कोणता, साल कोणतं, इयत्ता कोणती?

मेकॉले हा गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलातला सदस्य; त्याचं शिक्षणावरचं टिपण २ फेब्रुवारी १८३५ चं, कलकत्त्यातलं. भांडण होतं ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३ च्या सनदेतल्या वर्षाच्या लाख रुपयांचं: संस्कृत-अरबीवर खर्चायचे की इंग्रजीवर? देशी भाषा त्यात पक्षकारच नव्हत्या. त्यांत ना वाङ्मय ना शास्त्र, यावर सगळ्यांचं एकमत आहे, असं म्हणून त्याने त्या बाजूला सारल्या. तुला बोचायला हवं ते हे. आणि 'हिंदुस्थानभर फिरलो, एक भिकारी दिसला नाही' हे अवतरण आजच काढ. बनावट आहे. त्याच तारखेला तो ब्रिटिश पार्लमेंटात बोलला म्हणे. माणूस तेव्हा कलकत्त्यात होता!

आता मुंबई इलाखा. इथे १८२० च्या दशकातच कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस पंडितांना हाताशी धरून गणिताची पुस्तकं मराठीत आणत होता. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश छापून झाला. खरी झुंज झाली ती १८४० च्या दशकात, इलाख्यातलं सरकारी शिक्षण पाहणाऱ्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये. अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीचा कैवारी. समोर देशी भाषांच्या बाजूने जर्व्हिस, जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहिम मकबा. मुंबईवरच्या लेखात पेरीचं नाव एकदाही नाही, हे कसं चालेल?

मग इयत्ता. १८५४ च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे कंपनीच्या शिक्षणविषयक आदेशपत्राने, उच्च शिक्षण इंग्रजीकडे दिलं, सर्वसामान्यांचं देशी भाषांकडे. म्हणजे गावची शाळा मराठीच राहिली. घोटाळा मधल्या पायरीवर झाला: १८५७ ला विद्यापीठ आलं, मॅट्रिक इंग्रजीतून, सरकारी नोकरी इंग्रजीवर, मग हायस्कूलं आपसूक तिकडे कलली. शाळेला कुणी कुलूप लावलं नाही, मराठीतून वर जाणारी वाट तेवढी अडली.

तारखांचा हा हट्ट तुला किचकट वाटेल. मला तो उशिरा लागला याची हळहळ आहे, म्हणून तुझ्यामागे लागलो आहे. पैशाचंही विचार: शेतकऱ्याच्या शेतसाऱ्यावर वरच्या वर्गांचं शिक्षण चालतं, हे जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे मांडलं आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणाले. ते निवेदन लहान आहे, मुळातून वाच.

दुसरा परिच्छेद पेरी-जर्व्हिस वादापासून सुरू कर. प्रत्येक वाक्यापुढे समासात इलाखा, साल, इयत्ता लिही. जिथे लिहिता येणार नाही ते वाक्य खोड. मग पाठव.