गिझरच्या वाल्वमधून पाणी टपकतं, त्याला बूच मारावं का?

ताई, सगळ्यात आधी: प्लंबरला तिथे बूच मारू देऊ नका.

तुम्ही लिहिलंय, मनीषनगरच्या फ्लॅटमधल्या २५ लिटरच्या गिझरखालच्या वाल्वमधून पाणी टपकतं आणि प्लंबर म्हणतो, ‘बूच मारून देतो, टपकणं बंद.’ तिकडे लेक इंग्लंडमध्ये ज्या भाड्याच्या घरात राहते तिथे ‘अनव्हेंटेड सिलिंडर’ (गरम पाण्याची बंद टाकी) आहे, त्याची दरवर्षी तपासणी होते. हे ऐकून तुम्हाला दोन्हीकडची काळजी लागली. मी नागपुरात अठरा वर्षं गिझर दुरुस्तीचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या आजीच्या तांब्याच्या बंबाला वरून तोंड उघडं असायचं. पाणी कितीही उकळलं तरी वाफ निघून जायची. इंग्लंडातल्या जुन्या घरांतही तत्त्व हेच होतं: माळ्यावर पाण्याची टाकी आणि सिलिंडरपासून वर गेलेली एक उघडी नळी. अनव्हेंटेड म्हणजे ती उघडी नळीच नाही. पाणी थेट नळाच्या दाबाने येतं आणि बंद भांड्यात तापतं. तिथे १९८५ च्या बांधकाम नियमांनंतर याला परवानगी मिळाली, पण ठरलेल्या तापमानाला हीटर बंद-चालू करणाऱ्या थर्मोस्टॅटशिवाय आणखी दोन स्वतंत्र सुरक्षा साधनं असलीच पाहिजेत, या अटीवर. एक कटआउट, जो पाणी जास्त तापलं की हीटर तोडतो आणि एकदा पडला की आपोआप परत चालू होत नाही. दुसरा असा वाल्व, ज्याला दाबही कळतो आणि तापमानही.

आपला गिझरही बंद भांडंच आहे. खालच्या वाल्वमध्ये नॉन-रिटर्न असतो, म्हणजे आत गेलेलं पाणी गच्चीवरच्या टाकीकडे परत जात नाही. आता २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर नेलं की ते दीड टक्का फुगतं, म्हणजे जवळजवळ पावणेचारशे मिली जास्त होतं. गिझरची पोलादी टाकी तर ताणली जात नाही. मग ते जातं कुठे? वाल्वच्या त्या छोट्या नळीतून थेंब थेंब बाहेर. तुम्ही पाहताय ते हेच. गिझर चालू असताना टपकतं आणि बंद केल्यावर थांबतं, तर वाल्व आपलं काम करून राहिला आहे, त्याला करू द्या.

गिझर बंद, पाणी गार, तरी टपकणं चालूच, तर मात्र वाल्व जिथे बसून बंद होतो त्या सीटवर क्षार बसलेत किंवा बिल्डिंगच्या प्रेशर पंपाचा दाब जास्त आहे. तेव्हाही इलाज नवा वाल्व किंवा दाब कमी करणं, बूच नाही.

बूच मारलं की काय होतं, ते मी प्रतापनगरच्या एका घरी पाहिलं. डिसेंबरची सकाळ. फोन आला, ‘दादा, थंड्या नळातून ऊन पाणी येऊन राहिलं.’ मी म्हटलं, आधी एमसीबी पाडा, बाथरूमचं दार ओढून घ्या, कोणी आत जाऊ नका. संध्याकाळी टाकी गार झाल्यावर उघडलं. वाल्वच्या नळीत लाकडाची खुंटी ठोकलेली, वरून चिंधी गुंडाळलेली. थर्मोस्टॅटचे कॉन्टॅक्ट जळून एकमेकांना चिकटलेले. आणि कटआउट ‘सारखा पडतो’ म्हणून कोणीतरी त्याची दोन्ही टोकं वायरच्या तुकड्याने जोडून टाकलेली. वाल्वमध्ये बोट घातलं तर आत चुन्याचा पांढरा खडा, स्प्रिंग त्यातच गाडलेली. त्या घरी बोअरचं पाणी होतं. नॉन-रिटर्नही क्षारांनी अर्धवट उघडा राहिला, म्हणून फुगलेलं पाणी मागे थंड्या लाइनीत गेलं. तेवढ्यामुळे ती माणसं वाचली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कारण दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळत नाही. पाच-सहा बारच्या आसपास (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका दाब) ते १५० च्याही पुढे पाणीच राहतं. टाकी फाटली की दाब एकदम उतरतो आणि त्या पाण्याचा साधारण दहावा भाग क्षणात वाफ होतो. पाणी वाफ झालं की सोळाशे पटींहून जास्त जागा मागतं. २५ लिटरच्या गिझरचा हिशोब करा: सुमारे चार हजार लिटर वाफ, आपल्या छोट्या बाथरूममध्ये.

आपल्याकडचा वाल्व गार पाण्याच्या तोंडाशी असतो, म्हणून त्याला फक्त दाब कळतो, वरचं तापमान कळत नाही. त्यामुळे कटआउटला कधीही बगल देऊ नये. आपण तर दिवाळीनंतर गिझर लावतो आणि होळीला बंद करतो, मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचंच पाणी चटके देतं. सात-आठ महिने वाल्व तसाच पडून जाम होतो. म्हणून हंगामाच्या आधी गिझर बंद आणि गार असताना वाल्वची छोटी दांडी उचलून बघा, पाणी यायला हवं. आलं नाही तर बदलून घ्या. टपकणं खटकत असेल तर त्या नळीला रबरी पाइप लावून मोरीत सोडा, उताराने, मध्ये तोटी न बसवता. अर्थिंग आणि आरसीसीबीही (शॉक लागू नये म्हणून वीज तोडणारा स्विच) तपासून घ्या.

लेकीच्या सिलिंडरबाबत एक फरक लक्षात ठेवा. तिथे फुगलेल्या पाण्यासाठी वेगळी एक्स्पान्शन टाकी किंवा सिलिंडरच्या आतच हवेची जागा असते, म्हणून तिथे टपकणं हे नेहमीचं नाही, बिघाडाचं लक्षण आहे. बहुतेक वेळा त्या टाकीतली हवा गेलेली असते. सिलिंडरजवळच्या नळीत एक उघडा पेला दिसेल, त्याला टनडिश म्हणतात. त्यात पाणी पडताना दिसलं तर तिने घरमालकाला कळवावं. गरम पाण्याची धार लागली तर बॉयलर आणि इमर्शन हीटर (सिलिंडरमधला विजेचा रॉड) लगेच बंद करावा, पण पाण्याचा मुख्य नळ बंद करू नये, येणारं गार पाणीच सिलिंडर थंड करतं. आणि स्वतः स्क्रू उघडू नये, तिथे ते प्रशिक्षित माणसाचंच काम आहे.

तिला त्या पेल्याचा फोटो पाठवायला सांगा. इथे टाकलात तर पाहून सांगतो.