अर्धी फी माफ, पण उरलेली अर्धी कुणाच्या वाट्याची?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीला एका नामांकित निवासी शाळेत सहावीला प्रवेश मिळालाय, शाळा अर्धी फी माफ करतेय. उरलेली अर्धी तुम्हा दोघांच्या हातात येणाऱ्या पगाराच्या २८ टक्के आहे आणि बचत आहे २२ टक्के. पहिली तीन वर्षं कमी पडेल ते निवृत्तीच्या फंडातून काढावं का? आणि ‘तिथल्या ओळखींनी आयुष्याचं सोनं होतं’ हे खरं का?

फंडाला हात लावू नका. तुमच्या निवृत्तीला १८ वर्षं आहेत. ८ टक्के परतावा धरला तर आज काढलेली रक्कम तेव्हा चौपट झाली असती. शिवाय सात वर्षांची फी म्हणजे पहिल्या वर्षाच्या सातपट, असा तुमचा हिशेब आहे. फी दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढली तर ती ८.९ पट होते. कधी सरकारही भर घालतं: ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागला, तोही शैक्षणिक वर्ष अर्ध्यावर असताना.

पण तुमच्या पत्रात नसलेला खर्च मला जास्त खुपतो. माफी फीवर मिळते, राहणीमानावर नाही. खेळाचं साहित्य, संगीताचे जादा तास, सहली, सुट्टीत मैत्रिणींच्या घरी जाणं, वाढदिवसाच्या भेटी. यासाठी मी फीचा पाचवा हिस्सा वेगळा धरते, म्हणजे तुमचा आकडा पगाराच्या एक तृतीयांशावर जातो. तो नाही धरला तर काटकसर मुलीला करावी लागते. सगळ्या जणी निघाल्या की ‘मला नाही यायचं’ म्हणायला ती शिकते, आणि घरी फोनवर ‘मजेत आहे’ सांगते. (शाळेच्या माहितीपुस्तिकेत हे पान नसतं.)

ओळखींचं म्हणाल, तर २०१९ च्या एका पाहणीनुसार ब्रिटनमधले ६५ टक्के वरिष्ठ न्यायाधीश खासगी शाळांत शिकलेले होते; एकूण लोकसंख्येत असे लोक जेमतेम ७ टक्के. आकडा खरा आहे. पण त्यातल्या किती जणांच्या घरात आधीच पैसा आणि वजन होतं, हे तो सांगत नाही. शाळेची करामत किती आणि घराची किती, हे वेगळं काढणं फार अवघड. ज्याच्या घरच्यांना आधीच चार लोक ओळखतात, त्याला शाळेतली पाचवी ओळख वापरता येते. मुलीला चांगले शिक्षक, ग्रंथालय, मैदान नक्की मिळेल, आणि त्याला मोल आहे. वर्गातल्या घराण्यांची पत मात्र फीच्या पावतीबरोबर येत नाही. इंग्लंडमधली ईटन ही शाळा राजा सहाव्या हेन्रीने १४४० साली काढली ती ७० गरीब मुलांना फुकट शिकवायला. आज तिची ख्याती २० पंतप्रधानांची शाळा म्हणून आहे.

सगळ्या शाळा सारख्या नसतात, हेही सांगायला हवं. अमेरिकेतली फिलिप्स अँडोव्हर ऐपत न बघता प्रवेश देते आणि कुटुंबाची जेवढी गरज ठरेल तेवढी सगळी भागवते. तुमच्या शाळेला हेच विचारा, लेखी. माफी सातही वर्षं टिकणार की दरवर्षी उत्पन्न तपासून ठरणार? पगार वाढला तर ती किती घटणार? सहली आणि गणवेश तिच्यात धरलेत का?

सगळं धरून खर्च हातातल्या पगाराच्या १५ टक्क्यांत बसला तर खुशाल पाठवा. आजच्या आकड्यांवर माझं उत्तर नाही असं आहे. धाकट्यासाठी अजून काहीच साठवलेलं नाही, हे तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकलंत. माझ्या लेखी तो निम्मा प्रश्न आहे.

मधला मार्ग हवा असेल तर फक्त अकरावी-बारावीसाठी प्रयत्न करा. बचतीतले १२ टक्के पाच वर्षं बाजूला ठेवले आणि ती गुंतवणूक फीच्या वेगाने वाढली, तर त्या दोन वर्षांचा बहुतेक खर्च निघतो. माफीसाठी तेव्हा नव्याने अर्ज करावा लागेल आणि ती मिळेलच असं नाही. पण न मिळाली तरी ते पैसे तुमच्याच हातात राहतात.

शाळेचं लेखी उत्तर येईपर्यंत अनामत भरू नका. भरावीच लागली, तर ती कोणत्या तारखेपर्यंत परत मिळते ते आधी वाचा.