पाय अधू असल्याचं नोकरीच्या अर्जात लिहावं का?

तुम्ही विचारलंय, पाय अधू असल्याचं अर्जातच लिहावं की मुलाखतीला गेल्यावर सांगावं, कारण लिहिलं की बोलावणंच येत नाही. मी कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारी पट्टी, लावून चालते आणि बारा वर्षं मुंबईत अकाउंट्समध्ये नोकरी करतेय. माझं मत, अर्जात लिहू नका. निवड झाली की ऑफर लेटरवर सही करण्याआधी बोला. तेव्हाही आजारपणाची कहाणी नको, कामासाठी काय लागेल तेवढं सांगा.

पहिल्या नोकरीत मी काहीच बोलले नव्हते. फोर्टातली जुनी इमारत, लिफ्टपर्यंत जायलाच सात पायऱ्या आणि बायकांचं टॉयलेट अर्धा जिना वर. नोकरी मिळाल्याचंच इतकं अप्रूप होतं की तोंड उघडलं नाही. जिना चढायला नको म्हणून दिवसभर पाणी पीत नसे. वर्षात दोनदा युरिन इन्फेक्शन झालं, रजा पडल्या, आणि ‘हिची तब्येत नाजूक’ असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

मग ‘तू बस गं, आम्ही जातो’ सुरू झालं. क्लायंटकडे जायची कामं सहकारी आपणहून करायचे, मलाही बरं वाटायचं. तीन वर्षांनी बढतीच्या वेळी ऐकलं, बाहेरच्या कामाचा अनुभव नाही. मनात खोट कुणाच्याच नव्हती, त्यामुळे भांडणार तरी कुणाशी? तुमच्या हातातलं काम कुणी असं घेतलं तर त्याच दिवशी सांगा, ‘मी जातो, टॅक्सीचं बिल लावतो.’

आताच्या ठिकाणी मी दोनच गोष्टी मागितल्या. टॉयलेट असेल त्याच मजल्यावर जागा, आणि अकरा ते आठची वेळ. कल्याणहून सकाळच्या गर्दीत दिव्यांगांच्या डब्यातही धडधाकट माणसं घुसतात, कुबडी टेकायला जागा उरत नाही. दोन्ही गोष्टी ईमेलवर लिहून घेतल्या. तुम्हीही घ्याच, मॅनेजर बदलला की तोंडी बोलणं कुणाला आठवत नाही.

4 टक्के आरक्षण सरकारी नोकरीत आहे, तेही 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर. खासगीत तशी सक्ती नाही. पण 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आणि 2017 चे नियम यांनुसार 20 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी कंपनीलाही समान संधी धोरण, म्हणजे दिव्यांग कर्मचाऱ्यांना काय सोयी देणार ते, जाहीर करावं लागतं आणि त्यासाठी संपर्क अधिकारी नेमावा लागतो. ऑफर आली की ते धोरण बघायला मागा. मी मागितलं तेव्हा एका ठिकाणी ‘असं काही असतं का?’ म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी एचआरच्या बाईंनी प्रिंट काढून हातात दिली. मी तिथे रुजू झाले.