मुलगी नववीत आहे, डॉक्टर व्हायचं म्हणते. गावची मराठी शाळा सोडून तिला शहरात सीबीएसईला घालावं का?

नका घालू. तुम्ही लिहिलंय की लांज्याजवळच्या गावात राहता, हायस्कूल मराठी पण सेमी (गणित-विज्ञान इंग्रजीत) आहे, मुलगी पहिल्या तिनात असते, आणि मुंबईचे नातेवाईक सांगतायत की नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) द्यायची तर आत्ताच सीबीएसई, आणि दहावी झाली की क्लाससाठी थेट लातूर नाहीतर राजस्थानातलं कोटा. ते नातेवाईकांचं वाचलं आणि मला राहवेना, म्हणून लिहायला बसले.

मी राजापूर तालुक्यात उपकेंद्रावर आरोग्य सेविका आहे. माझी मुलगी जिल्हा परिषदेची शाळा, मग गावचं हायस्कूल, मग तालुक्याचं ज्युनियर कॉलेज असं शिकली आणि आज सिंधुदुर्गात ओरोसच्या सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएस करतेय.

ती दहावीत होती त्या गणपतीला मोठे भावोजी डोंबिवलीहून आले होते. आरती झाली, पडवीत पंगत बसली, मी वाढत होते, आणि भावोजी ह्यांना म्हणाले, "अरे हिला इथे ठेवून काय होणाराय, फार तर आईसारखी नर्स होईल. माझ्याकडे पाठव, चांगल्या क्लासला घालू." भरली पंगत, पोरगी समोर बसलेली. हे गप्प, सासूबाई गप्प, मी भात वाढत पुढे गेले. भावोजींचं मन वाईट नव्हतं, पोरीचं भलंच व्हावं असं त्यांना वाटत होतं हे मी तेव्हाही मानत होते. पण "आईसारखी नर्स" हे त्यांनी ज्या सुरात म्हटलं ते मी आजपर्यंत विसरलेली नाही.

कारण त्या पोरीची डॉक्टरकीची ओढ आली कुठून? सातवीत असल्यापासून लसीकरणाच्या दिवशी सकाळी मी लसीचा कॅरियर (बर्फाचा डबा) भरायला बसले की ही शेजारी येऊन बसायची. फ्रीझरमधला आईसपॅक काढून तसाच कॅरियरमध्ये ठेवायचा नसतो. बाहेर ठेवायचा, त्याला घाम फुटला की कानाशी धरून हलवायचा, आत पाणी डुचमळलेलं ऐकू आलं की मग लावायचा, नाहीतर पेंटाव्हॅलंटसारखी बाळांची लस गोठते आणि गोठलेली लस वाया. एकदा तिने विचारलं, गोठली आणि परत वितळली तर बिघडतं काय? मी तिला शेक टेस्ट समजावली, म्हणजे गोठून वितळलेली वायल (लसीची बाटली) आणि चांगली वायल एकदम हलवून ठेवली तर गोठलेलीतला साका भराभर तळाला बसतो, चांगली बराच वेळ गढूळ राहते. ती विचारतच राहिली, साका का बसतो, त्यात असतं काय. हे "का" डोंबिवलीच्या क्लासमध्ये मिळालं असतं असं मला तरी वाटत नाही.

असो. दहावीला तिला चांगले मार्क पडले, परत भावोजींचे फोन सुरू झाले, मग हे म्हणाले एकदा बघून तरी येऊ. एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या क्लासला गेलो. भिंतभर पोरांचे फोटो, खाली मार्क. काउंटरवरच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो दहावीला किती, आणि टक्के ऐकून बॅच सांगितली, सगळ्यात वरची नव्हे, त्याखालची. मी विचारलं वरच्या बॅचला शिकवणारे सर हिलापण शिकवणार का, तर म्हणाल्या फॅकल्टी वेगळी असते. कॉलेजचं विचारलं तर "ते टाय-अपचं आहे, जायची गरज नाही, प्रॅक्टिकलचं आम्ही बघून घेऊ." म्हणजे फोटो वरच्या बॅचचे आणि फी खालच्या बॅचची. आणि दोन वर्षं पोरगी मायक्रोस्कोपला हात न लावता डॉक्टर व्हायला निघणार. मी ह्यांना तिथेच म्हटलं, चला, गाडी चुकेल.

तालुक्याच्या कॉलेजात तिला बायोलॉजीचे जे सर मिळाले त्यांनी पावसाळ्यात सड्यावरून (कातळाच्या पठारावरून) तेरडा आणायला सांगितला. तेरड्याचं खोड पारदर्शक असतं, लाल शाईच्या पाण्यात उभं केलं की तासाभरात लाल रेघा वर चढताना दिसतात. मग ब्लेडने पातळ काप काढून स्लाइडवर बघायचे, लाल झालंय ते झायलेम, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या नळ्या. आमच्या खिडकीत औषधाच्या रिकाम्या बाटलीत आठवडाभर तेरडे उभे होते. झायलेमवरचा प्रश्न तिचा कधी चुकला नाही.

आता खरं सांगायचं तर २०२० च्या नीटला तिचं झालं नाही. पास झाली, पण सरकारी सीटपुरते मार्क नव्हते आणि खाजगीची फी आमच्या बापजन्मात भरून झाली नसती. भावोजींचा लगेच फोन, "बघ, मी सांगत होतो." ती रिपीट बसली, घरीच. कोविडचं वर्ष, सगळे क्लास मोबाईलवर, आणि आमच्या वाडीत रेंज नाही, म्हणून ही छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन सड्यावर जाऊन व्हिडिओ डाउनलोड करून आणायची. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं, खांब पडले, लाईट गेली ती लवकर आलीच नाही, मोबाईल बंद. तेव्हा तिच्याकडे काय उरलं तर एनसीईआरटीची (सीबीएसईच्या शाळांत असतात ती) अकरावी-बारावीची बायोलॉजीची दोन पुस्तकं. कंदिलात ती दोन पुस्तकं तिने ओळ न् ओळ पाठ केली, आकृतीखालची बारीक अक्षरंसुद्धा. नीटच्या बायोचे ३६० मार्क बरेचसे त्या दोन पुस्तकांतूनच येतात, हे क्लासवाले फी भरल्यावर सांगतात, मी तुम्हाला आत्ता सांगते. लाईट आल्यावर दर रविवारी दुपारी २ ते ५ जुना पेपर, ओएमआर उत्तरपत्रिकेची झेरॉक्स, मोबाईल माझ्या कपाटात. सप्टेंबरमध्ये परीक्षा झाली आणि ओरोसचं कॉलेज २०२१ लाच सुरू होत होतं, त्याच्या पहिल्याच बॅचला तिचा नंबर लागला.

तर तुमचा प्रश्न. सीबीएसई कशासाठी हवं? नीट एनसीईआरटीवर असते म्हणून ना? ती अकरावी-बारावीच्या एनसीईआरटीवर असते, नववीच्या बोर्डावर काही अडत नाही. स्टेट बोर्डाची अकरावी-बारावीची पुस्तकंही २०१९-२० पासून बदलून एनसीईआरटीच्या जवळ आणलीत. एनसीईआरटी बाजारात मिळते, साइटवर फुकट आहे, त्यासाठी घर सोडून पोरीला परक्या गावी ठेवायची गरज नाही. दहावी-बारावीच्या निकालात आपलं कोकण बोर्ड वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं, तरी आपल्याच माणसांना आपल्या शाळा कमी वाटतात, याचा मला मनापासून राग येतो.

कोटा शहराचं तर अजिबात मनात आणू नका, आणि सावंतवाडीकडचे लोक पोरांना गोव्यात घालतात त्यांनीही हे वाचावं. आपल्या राज्याच्या वाट्याच्या ८५ टक्के जागांतून सीट हवी तर डोमिसाइल लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पास झालेली लागते. बारावी राजस्थानातून केली तर हातात उरतो तो १५ टक्के ऑल इंडिया. कोट्याला जाणारे बरेच जण नाव इकडच्याच कॉलेजात ठेवतात, म्हणजे परत तेच कागदावरचं कॉलेज.

आणि सीटसाठी लांब तरी कशाला बघायचं? अलिबाग, रत्नागिरी, ओरोस, तिन्हीकडे आता सरकारी कॉलेज आहे. गावात शिकलेल्याला वरचं काही जमत नाही म्हणणाऱ्यांना महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर दाखवा. खेड्यात शिकलेला माणूस, महाड भागातल्या सरकारी दवाखान्यांत बसून विंचूदंशाचे पेशंट बघत त्यावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग शोधून काढला आणि तो लॅन्सेट या जगातल्या नावाजलेल्या वैद्यकीय मासिकात छापून आला. भाताच्या लावणीच्या दिवसात ताप आला की आधी लेप्टो (उंदराच्या लघवीतून पसरणारा ताप) आठवणारा, फुरसं चावलेल्या माणसाला भगताकडून उठवून दवाखान्यात आणणारा डॉक्टर आपल्याला हवाय, आणि तो बहुतेक इथलाच असावा लागतो. बाहेरचे डॉक्टर सरकारी सेवेच्या बॉण्डचं वर्ष पुरं करतात आणि जातात, हे मी नोकरीभर बघतेय.

काही गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. तुमच्या हायस्कूलला विज्ञान-गणिताचा कायमचा शिक्षक नसेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि शाळा बदला, पण रोज घरी येता येईल अशीच. नीटचा पेपर मराठीतून देता येतो, पण पुढे एमबीबीएस इंग्रजीतच आहे, म्हणून सेमी असली तरी विज्ञान इंग्रजीतून वाचायची सवय आत्तापासून पक्की करा. माझीला अकरावीत दिवाळीपर्यंत फार जड गेलं. कास्ट व्हॅलिडिटी लागणार असेल तर अकरावीला ॲडमिशन झाली की लगेच अर्ज टाका, ॲडमिशनच्या आठवड्यात कागदासाठी रडणारे आईबाप मी पाहिलेत. ओबीसी, ईडब्ल्यूएस किंवा एसईबीसीत असाल आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर मुलींना २०२४ पासून शिक्षण शुल्क माफ आहे, त्याचीही माहिती काढा. आणि सगळ्यांचीच सीट लागत नाही. बीएएमएस (आयुर्वेद) आहे, फिजिओ आहे, बीएस्सी नर्सिंग आहे, नर्सिंगची सीईटी (प्रवेश परीक्षा) वेगळी असते. नर्सिंगला गेली तर घरात कुणी तोंड पाडू नका. रात्री दोनला बाळंतपणाला उठून जाणारी बाई कुणापेक्षा कमी नसते, आणि भावोजींच्या सुनेचं पहिलं बाळंतपण गावात अचानक झालं तेव्हा हात माझेच होते.

एक राहिलंच, तुमच्या मुलीचं फिजिक्स कसं आहे ते लिहिलं नाहीत. बायो पोरी वाचून काढतात, गाडी अडते ती फिजिक्सच्या गणितांत. नववीचं गणित कच्चं असेल तर क्लासचे पैसे आत्ता तिथे घाला, गावातलाच एखादा चांगला सर बघून. ते कळवा, मग अकरावीला कुठलं कॉलेज ते सांगते.