फाज वापरायचाय? आधी रोग ओळखा, मग पाणी बघा

दादा, कोंबड्यांना देण्याचं अँटिबायोटिक कमी करून फाज वापरायचं ठरवलंत, मनापासून बरं वाटलं. फाज म्हणजे जिवाणूंना खाणारा विषाणू; कोंबडीच्या पेशीत तो वाढत नाही. फाजवर काम करणारे शास्त्रज्ञ फेलिक्स द'हेरेल यांनी 1919 मध्येच फ्रान्समध्ये कोंबड्यांच्या टायफॉइडवर तो वापरून पाहिला होता.

सुरुवातीला एवढं सांभाळा:

- मरतुक दिसली की ताजा मेलेला पक्षी पशुवैद्यकांकडे न्या, कल्चर (कोणता जिवाणू आहे ते वाढवून ओळखण्याची तपासणी) करून घ्या. साल्मोनेला आणि ई. कोलाय हे वेगवेगळे जिवाणू; एकाचा फाज सहसा दुसऱ्याला हातही लावत नाही. राणीखेत, गंबोरो हे तर विषाणूचे रोग, तिथे फाजचा उपयोग शून्य.

- पाणी! नव्या माणसाची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. क्लोरीननं फाज मरतो. माझी पहिली बाटली अशीच वाया गेली: गड्यानं सवयीनं टाकीत ब्लीचिंग पावडर टाकली होती आणि मी त्यातच फाज ओतला. आता मी वेगळ्या पिंपात विहिरीचं साधं पाणी घेतो, ड्रिंकर (पक्ष्यांची पाण्याची भांडी) साध्या पाण्यानं धुतो आणि पक्षी तासभर तहानलेले ठेवून मगच देतो. भर उन्हाळ्यात मात्र तहानलेले ठेवू नका.

- बाटली फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नको.

लसीकरण आणि शेडमध्ये खाली अंथरलेलं कोरडं तूस याला फाज पर्याय नाही. डॉक्टरांनी सुरू केलेलं औषधही मध्येच तोडू नका. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक मात्र कोंबड्यांसाठी कुणी दिलं तरी घेऊ नका, भारतात 2019 पासून कोंबड्या-जनावरांसाठी त्यावर बंदी आहे.

फाजची मिश्रणं, जिवाणूंचा प्रतिकार वगैरे नंतर बघू. आधी कल्चरचा रिपोर्ट येऊ द्या, आला की कळवा.