'एकत्रितता' का खटकते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: चित्रपट, गाण्यांचे व्हिडिओ आणि ऑडिओबुकं यांवर ग्राहक जे अभिप्राय लिहितात, त्यांचा मी मराठीत गोषवारा करते. विषय माणसांनी एकमेकांना धरून राहण्याचा असला की लोक एकत्रपणा, एकोपा, सोबत, साथ, सहवास असं काहीही लिहितात. मी सगळ्याला 'एकत्रितता' म्हणू लागले, पण वाचताना तो शब्द खटकतो. का? आणि त्याऐवजी एकच कोणता शब्द घ्यावा?

खटकतो, कारण तो हिशेबाच्या वहीतला आहे. 'एकत्र' हे मुळात क्रियाविशेषण. सर्वत्र, अन्यत्र, इतरत्र यांचं भावंड. त्यातला 'त्र' ठिकाण दाखवतो, तेव्हा एकत्र म्हणजे 'एके जागी', बस एवढंच. 'पणा' हा प्रत्यय एकटा, आपला, वेगळा अशा शब्दांना सहज लागतो आणि एकटेपणा, आपलेपणा, वेगळेपणा तयार होतात. 'सर्वत्रपणा' मात्र कोणी म्हणत नाही. 'एकत्रपणा' त्याच कारणाने जिभेवर अडखळतो. 'एकत्रित' हे विशेषण, त्यामुळे 'एकत्रितता' व्याकरणात बसते. पण एकत्रित म्हणजे गोळा केलेलं: एकत्रित निधी, एकत्रित वेतन, एकत्रित अहवाल. आजी आणि नातवाच्या चित्रपटाबद्दल 'त्यांच्यातली एकत्रितता भावली' असं वाचलं की दोघांची बेरीज मांडली आहे असं वाटतं.

आता एकच शब्द कोणता, तर तो नाही. तो असावा असंही मला वाटत नाही, कारण मराठीत या अर्थाचे जे शब्द आहेत ते प्रत्येकी वेगळं काही सांगतात आणि ग्राहकाने त्यातला एक निवडला असेल तर त्याचं मत त्या निवडीतच असतं. शब्दांतला फरक ओळखायची माझी रीत अशी, की शब्दाकडे बघण्याआधी तो कोणतं क्रियापद घेतो ते बघायचं.

सोबत करतात, सोबत होते. हा शब्द अरबी 'सोहबत'वरून फारसीमार्गे आला. मराठीत त्याला रस्ता आणि रात्र चिकटली. 'रात्री सोबतीला कोणी आहे का?' या वाक्यात सोबत करणाऱ्याने काहीही करायचं नसतं, नुसतं असायचं असतं. एखाद्याने लिहिलं की 'दोन म्हाताऱ्यांची सोबत सुंदर दाखवली आहे', तर त्याला न बोलता शेजारी बसणं आवडलेलं आहे.

साथ देतात आणि साथ सोडतात. सोडता येते म्हणूनच देण्याला किंमत. संस्कृत 'सार्थ' म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा, त्याचा प्रमुख तो सार्थवाह. 'साथ' तिथून आली. वाटेत धोका आहे, हे या शब्दात अजून शिल्लक आहे. साथ हा कसोटीचा शब्द आहे. जिथे कुणावर काही संकटच येत नाही, अशा चित्रपटाला 'साथ देण्याची गोष्ट' म्हटलं तर वाचणारा नसलेलं संकट शोधत बसेल. (साथीदार मात्र जपून. बातम्यांत चोराचाच साथीदार इतक्या वेळा पकडला गेला आहे, की 'दोन साथीदारांची हृद्य कथा' वाचून दरोड्याची अपेक्षा होते. तिथे सोबती किंवा सरळ मित्र म्हणावं.)

संगत लागते, धरावी लागते, घडते. मोरोपंतांनी केकावलीत 'सुसंगति सदा घडो' म्हटलं आहे, 'मिळो' म्हटलेलं नाही. संगतीने माणूस बदलतो. ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याला वाण लागला नाही तरी गुण लागतो, तो संगतीचाच. म्हणून वाया गेलेला मुलगा एका गायकाच्या घरी राहून सुधारतो, अशा कथेला संगत शोभते.

सहवास लाभतो. 'लाभतो'मुळे त्यात आदर येतो, आणि बहुतेक वेळा तो संपून गेल्यावर बोलला जातो. गुरूचा, आजोबांचा सहवास लाभतो; रोज भांडणाऱ्या धाकट्या भावाचा कोणी म्हणत नाही. शिवाय कायद्याच्या आणि वैद्यकाच्या भाषेत सहवास म्हणजे शरीरसंबंधही, म्हणून जोडप्याच्या कथेत हा शब्द तपासून वापरा. एकोपा नांदतो, टिकतो, बिघडतो. तो घराचा किंवा गटाचा. एकजुटीला समोर कोणी तरी विरोधात लागतो.

तुमच्या कामात खरी गंमत पुढे आहे. तेच शब्द कलाकृतीबद्दलही बोलतात आणि तिच्या विषयाबद्दलही. गाण्याच्या व्हिडिओखाली 'साथ अप्रतिम' असं असेल तर ती नायिकेने दिलेली साथ, की तबल्याची? मागेपुढे ताल, वादक, पेटी असे शब्द असतील तर वाद्याची समजा. ऑडिओबुकाबद्दल 'छान सोबत आहे' म्हणजे बहुधा वाचणाऱ्याचा आवाज ऐकणाऱ्याला सोबत करतो. कथेत सोबतीचा मागमूस नसेल, कथा खुनाचीही असेल! गोषवाऱ्यात त्याचं 'सोबतीवरील कथा आवडली' झालं, की ग्राहकाच्या तोंडी नसलेलं मत घातलं जातं. चित्रपटांत हाच घोळ 'कौटुंबिक'चा. काहींच्या मते तो कुटुंबाविषयीचा चित्रपट, काहींच्या मते घरातल्या सगळ्यांनी संकोच न वाटता बघण्याजोगा. 'कौटुंबिक वाटला नाही' ही तक्रार पहिल्या अर्थाने कथेवर आहे आणि दुसऱ्या अर्थाने दृश्यांवर. संदर्भ नसेल तर मी ते वाक्य अवतरणात जसंच्या तसं ठेवीन.

'अभिप्राय' हा शब्द तुम्ही योग्य निवडलात. 'समीक्षा' म्हटलं की दहा पानांचा लेख डोळ्यांपुढे येतो.

जाता जाता एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी. पाठवलेल्या नमुन्यांत 'पात्रांसोबत जोडले गेलो', 'बहिणीसोबत भांडते', 'त्याच्यासोबत लग्न करते' असं भरपूर आहे. मराठीत जोडणं, भांडणं, बोलणं, लग्न करणं हे कुणा'शी' होतं: पात्रांशी, बहिणीशी, त्याच्याशी. 'बहिणीसोबत भांडते' म्हणजे दोघी मिळून तिसऱ्याशी भांडतात, आणि बहिणींच्या चित्रपटात तेही घडत असेल. गोषवारा लिहिताना हे 'शी' तुम्ही आपणहून दुरुस्त करा. ग्राहकाचं मत त्याने बदलत नाही. 'कुटुंबासोबत बघा' मात्र बिनधास्त राहू द्या, तिथे सोबतच हवी.