वाचकांचे प्रश्न : उद्योजकता शिकवायची म्हणजे काय करायचं?

या खेपेला आलेल्या पत्रांत कॉलेजांची पत्रं जास्त आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानंतर उद्योजकतेचा पेपर बहुतेक ठिकाणी आला आणि तो शिकवायचा कसा, असं अनेकांनी विचारलंय. मी आधी शिरोलीत घरच्या मशिनशॉपमध्ये काम केलं आणि नंतर विद्यापीठात शिकवायला लागले. त्या दोन्ही अनुभवांवरून ही उत्तरं देते आहे.

मॅडम, नमस्कार. मी कॉमर्सची प्राध्यापिका. यंदा बी.कॉम. दुसऱ्या वर्षाचा उद्योजकतेचा दोन क्रेडिटचा पेपर माझ्याकडे आला. वर्गात साठेक मुलं. पुस्तकात व्याख्या, उद्योजकाचे गुण, उद्योजकांचे प्रकार आणि शेवटी प्रकल्प अहवाल. अहवाल मुलं नेटवरून उतरवून आणतात. मी स्वतः कधी साधं दुकानही चालवलेलं नाही. मला हा विषय शिकवायचा अधिकार आहे का? आणि मुळात तो शिकवता येतो का?
— एक प्राध्यापिका, तासगाव

ताई, दुसरा प्रश्न आधी घेते. येतो शिकवता, आणि याचा पुरावा आपल्याच देशात आहे. १९६४ च्या सुमाराला हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी आंध्रातल्या काकीनाड्याच्या छोट्या व्यापाऱ्यांना आणि कारखानदारांना प्रशिक्षण दिलं. त्यात भर होता तो स्वतःपुढे ध्येय ठेवून त्यासाठी हातपाय हलवण्यावर. पुढची काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, तेव्हा प्रशिक्षण न घेतलेल्यांपेक्षा त्यांनी जास्त गुंतवणूक केलेली आणि जास्त माणसं कामाला लावलेली दिसली.

अलीकडचा पुरावा पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशातला आहे. तिथे लोमे शहरातल्या दीड हजार छोट्या व्यावसायिकांचे तीन गट पाडले. एका गटाला हिशेब, मार्केटिंग असं नेहमीचं शिकवलं. दुसऱ्याला शिकवलं ते पुढाकार घेणं, अडचण येण्याआधी तिचा विचार करणं, शेजारच्या दुकानापेक्षा वेगळं काहीतरी करून बघणं. तिसऱ्याला काहीच शिकवलं नाही. २०१७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष आले. पुढाकार शिकलेल्यांचा नफा ३० टक्क्यांनी वाढला होता. हिशेब शिकलेल्यांचा ११ टक्के, आणि तोही योगायोग असू शकेल इतका अनिश्चित. तुमचं पुस्तक या हिशेबवाल्या गटाच्या वळणाचं आहे.

पण एक फरक विसरू नका. काकीनाड्यात काय किंवा लोमेत काय, शिकणाऱ्यांचा धंदा आधीपासून चालू होता. सकाळी शिकलेलं संध्याकाळी दुकानात करून बघता येत होतं. तुमच्या मुलांकडे दुकान नाही. म्हणून त्यांना काहीतरी खरं करायला देणं हेच तुमचं पहिलं काम. ते दिलं नाही तर चांगला अभ्यासक्रमसुद्धा पाठांतराचाच होतो.

माझ्या वर्गातलं एक उदाहरण सांगते, तुमच्याच भागातलं आहे. चार मुलांचा एक गट ‘बेदाणा शेडसाठी हवामानाचा इशारा देणारं ॲप’ असा विषय घेऊन आला. सादरीकरण देखणं होतं. मी म्हटलं, हंगाम चालू आहे, शेडवर जाऊन या. ॲपचा विषय काढायचा नाही. फक्त एवढंच विचारायचं, गेल्या वेळी अवकाळी आला तेव्हा तुम्ही काय काय केलंत?

तुम्हाला तासगावात सांगायला नको, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगते. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडमधल्या जाळीच्या रॅकवर पसरतात. साधारण पंधरा दिवसांत ती वाळतात. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो. मधेच ढग आले, पाऊस लागला की माल काळा पडतो आणि भाव बसतो. शेडमालकाने मुलांना सांगितलं, “पाऊस येणार हे मला तुमच्या आधी कळतंय, फोनवर दहा ग्रुप आहेत. रात्री दोनला कडेचा कागद सोडायला माणूस कुठनं आणू ते सांगा.” शेडच्या कडेला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून दोऱ्यांनी बांधलेला असतो. तो सोडायला दोन-तीन माणसं लागतात, आणि घाईत सोडला की वाऱ्याने फाटतो.

मुलं परत आली ती पडलेल्या चेहऱ्याने. विषय गेला असं त्यांना वाटत होतं. मी त्यांना वहीत सगळं जसंच्या तसं लिहायला लावलं. लिहिता लिहिता त्यांच्यातला एकजण म्हणाला, माझ्या मामाच्या पॉलिहाऊसला कडेचे पडदे एका हँडलने वर-खाली होतात, एकटी मामीसुद्धा करते. तेच शेडला का नाही? मग भंगार बाजारातून पाइप आणला, फॅब्रिकेटरकडून हँडल जोडून घेतलं. शेडमालक म्हणाला, एका बाजूचं करून दाखवा, टिकलं तर बाकीचं बघू. पहिला पाइप वाऱ्याने वाकला. दुसरा जाड घेतला, तो टिकला. मालकाने सामानाचे पैसे देऊन वर मजुरीही दिली. नवकल्पना म्हणतात ती एवढीच असते. एका ठिकाणी रोजच्या वापरातली गोष्ट दुसऱ्या ठिकाणच्या अडचणीला लावून बघायची, पण त्यासाठी ती अडचण कुणाच्या तरी तोंडून ऐकलेली असावी लागते.

आता तुमच्या साठ मुलांचं. जोड्या करा. प्रत्येक जोडीने सत्रभरात अनोळखी माणसाला काहीतरी विकायचं, वस्तू असो वा सेवा. नातेवाईक, शेजारी आणि कॉलेजचे शिक्षक चालणार नाहीत, कारण ते भिडेखातर घेतात. खिशातून जास्तीत जास्त दोनशे रुपये घालायचे, म्हणजे गरीब घरातलं मूल मागे पडत नाही. आणि रोजची वही. कुणाला भेटलो, तो काय म्हणाला (त्याच्याच शब्दांत), नको म्हणाला तर का, पैसे किती आले आणि गेले, त्यावरून आपण काय बदललं. गुण या वहीला द्या. विक्री किती झाली याला मी गुण देत नाही. नाहीतर बापाचं दुकान असलेला मुलगा पहिला येतो. प्रकल्प अहवाल शेवटी हवाच असेल तर वहीवरून लिहायला सांगा.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मुलं बिचकतात. अनोळखी माणसाने तोंडावर ‘नको’ म्हटलं की घरी जाऊन रडणाऱ्या मुलीही मी पाहिल्यात, मुलगेही पाहिलेत. त्या वेळी वर्गात लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट जरूर सांगा, पण कारखान्यापासून सुरू करू नका. ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. ती नोकरी सोडून बेळगावात सायकलीचं दुकान चालवलं आणि पुढे लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते असं शेतकरी म्हणत, त्यामुळे पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. किर्लोस्करवाडी वसली १९१० साली, औंध संस्थानात. मुलांना १९१० सगळे सांगतात. त्यांना ऐकायला हवी आहेत ती नांगर पडून असलेली दोन वर्षं. किर्लोस्करवाडी तुमच्यापासून लांब नाही, न्या एकदा.

अधिकाराचं म्हणाल तर तुम्हाला दुकान चालवलेलं असायची गरज नाही. त्यासाठी तासगावच्या बाजारातला एखादा अडत्या, एखादी पापड-लोणचीवाली बाई वर्गात बोलवा आणि भाषण न करू देता मुलांना प्रश्न विचारू द्या. तुमचं काम साठ मुलांना वर्गाबाहेर काढणं आणि तीस वह्या मन लावून वाचणं हे आहे. कॉमर्सची शिक्षिका ते इतर कुणाहीपेक्षा चांगलं करेल. वहीतला हिशेब चुकला की तुम्हाला तो लगेच दिसेल.

आमच्याकडे उद्योजकतेचा कोर्स सुरू करताना आणि संपताना मुलांकडून फॉर्म भरून घेतला. ‘मला व्यवसाय करायचा आहे’ म्हणणारे शेवटी कमी झाले. संस्थाचालक म्हणतात, कोर्स फसला, बंद करा. काय सांगू?
— प्राचार्य, सोलापूर जिल्हा

सर, फॉर्म घेऊन नका, मुलांच्या वह्या घेऊन संस्थाचालकांकडे जा. म्युनिकच्या विद्यापीठात असाच एक सक्तीचा कोर्स होता, त्याचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. तिथेही व्यवसायाची इच्छा थोडी कमीच झाली. पण कोर्सनंतर मुलांची स्वतःबद्दलची मतं जास्त पक्की आणि पुराव्यावर आधारलेली झाली होती. आपल्याला हे जमण्यासारखं आहे किंवा नाही, हे त्यांना कळलं होतं. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या एका कॉलेजातल्या विद्यार्थी-कंपनीच्या उपक्रमाचा अभ्यास आला, तिथेही इच्छा घटलेलीच दिसली.

विसाव्या वर्षी, दोनशे रुपये घालून, ‘हे माझं काम नाही’ असं ज्याला कळलं त्याचे पस्तिसाव्या वर्षीचे घर गहाण ठेवून घातलेले पैसे वाचले. संस्थाचालकांना हे सहज समजेल, तेही व्यवहारातलेच लोक असतात. फॉर्ममधला प्रश्न मात्र बदला. ‘व्यवसाय करायचा आहे का’ ऐवजी ‘का करायचा आहे किंवा का नाही, तुमच्या वहीतला एक प्रसंग लिहा’ असं विचारा.

माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. छत्तीस तासांच्या हॅकेथॉनमध्ये त्यांच्या टीमला बक्षीस मिळालं. आता म्हणतो, कॉलेज सोडून स्टार्टअप करतो. आम्ही नोकरदार माणसं. त्याला अडवलं तर आयुष्यभर बोल लावेल, सोडलं तर डिग्री जाईल.
— एक वडील, नांदेड

दादा, दोनच रस्ते आहेत असं समजू नका. केंद्र सरकारचं विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठीचं स्टार्टअप धोरण २०१९ सालापासून आहे. स्टार्टअपवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला सत्रभर किंवा वर्षभर सुट्टी देऊन परत घ्यावं, हजेरीत सवलत द्यावी, त्याच्या कामाला क्रेडिट द्यावेत, असं त्यात कॉलेजांना सुचवलं आहे. प्रत्येक कॉलेजने ते आपल्या नियमांत आणलेलं असेलच असं नाही. म्हणून मुलाला सांगा, आधी कॉलेजच्या इनोव्हेशन कौन्सिलच्या समन्वयकांना भेट आणि काय मिळू शकतं ते लेखी घेऊन ये. हे पहिलं काम त्यालाच करू द्या, तुम्ही फोन करू नका.

मग घरात शांतपणे बसून त्याला एकच गोष्ट विचारा, बक्षीस देणारे परीक्षक सोडून, या वस्तूसाठी आजवर पैसे कुणी दिले? हॅकेथॉनचं बक्षीस ही शाबासकी आहे, ती त्याने कष्टाने मिळवली आणि तिचं कौतुक करायलाच हवं. पण परीक्षक ती वस्तू वापरणार नसतो. उत्तर ‘कुणी नाही’ असेल तर कॉलेज चालू ठेवून पहिला पैसे देणारा माणूस शोधता येतो. उत्तर ‘दोन कारखान्यांनी दिले, आणखी चार वाट बघताहेत’ असं असेल तर सुट्टीचा विचार खुशाल करा, मी तुमच्या जागी असते तर केला असता.

सरस सरस्वती या भारतीय वंशाच्या संशोधिकेने अनुभवी उद्योजक निर्णय कसे घेतात याचा अभ्यास केला. ते लोक ‘मिळेल किती’ यापेक्षा ‘गेलं तर परवडेल किती’ हे आधी ठरवतात, असं त्यांना दिसलं. तुमच्या घराने हा आकडा ठरवावा. पैसे किती आणि महिने किती. कागदावर लिहा, तिघांनी सही करा, आणि त्याच्या आईलाही त्या बैठकीत बसवा. तुमच्या पत्रात त्यांचं मत कुठेच आलेलं नाही.

आम्ही काजूच्या बोंडापासून बी वेगळी करायचं छोटं हातयंत्र केलंय. पुढच्या महिन्यात कॉलेजचं प्रदर्शन आहे. एक सर म्हणतात दाखवा, दुसरे म्हणतात पेटंटशिवाय दाखवू नका. खर्च झेपेल का?
— तृतीय वर्ष विद्यार्थिनी, रत्नागिरी

दुसऱ्या सरांचं ऐक. यंत्राची आतली रचना एकदा लोकांसमोर मांडली की ती ‘नवी’ राहिली नाही असं म्हणून पेटंट नाकारलं जाऊ शकतं. प्रदर्शनाआधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज करून टाका. ऑनलाइन भरलं तर व्यक्तीला किंवा शैक्षणिक संस्थेला अर्जाची सरकारी फी १६०० रुपये आहे. त्या तारखेपासून पूर्ण अर्ज करायला बारा महिने मिळतात. तेवढ्या काळात यंत्र काजूच्या बागेत वापरून बघा आणि पुढचा खर्च करण्याजोगं आहे का ते ठरवा. पूर्ण अर्जाला आणि तपासणीला वेगळी फी लागते, वकील घेतला तर त्याची वेगळी.

त्याआधी शोध कुणाच्या नावावर जाणार ते कॉलेजकडून लेखी घ्या. कॉलेजची वर्कशॉप किंवा पैसा बऱ्यापैकी वापरला असेल तर मालकी सहसा दोघांची असते, आणि त्यात गैर काही नाही, फक्त ते आधी ठरलेलं असावं. अर्जात नावं ज्यांनी डोकं चालवलं त्यांचीच घाला. आणि यंत्र पहिल्यांदा बोंडं पिळणाऱ्या बायकांच्या हातात द्या, दिवसभर. संध्याकाळी त्यांचा हात दुखतो का, बी चिरडते का, हे बघून मगच रचनेचं वर्णन लिहायला बसा.